उंबऱ्याच्या आतली खुर्ची

"वैनी, पाय मागं घ्या. मारुतीची तालीम हाय."

माझा उजवा पाय उंबऱ्यावर होता. आत सतरंजीवर पेठेतले साठ-सत्तर बापये मांडी घालून बसलेले. आमच्या फुटबॉल संघाच्या समर्थक मंडळाची बैठक चाललेली. बोलणारे मंडळाचे अध्यक्ष, आप्पा. वयानं माझ्या धाकट्या दिराएवढे. माझ्या हातच्या भाकऱ्या खाऊन मोठे झालेले. सगळ्यांनी माझ्या पायाकडं बघितलं. मी पाय मागं घेतला. लगेच. वर पदरही सारखा केला, जशी काय आगळीक पदरानंच केली होती.

आणि आत, पंख्याखाली, लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक बाई बसली होती.

ती बिल्डरची बायको. त्या हंगामापासून संघाचा सगळा खर्च बिल्डरनं उचलला होता. तालमीत बायकांनी पाऊल टाकायचं नाही, हा नियम मी कोडोलीहून लग्न होऊन आले त्या दिवशी सासूनं सांगितला होता. मंडळाच्या बैठका तालमीतच होत. म्हणून बायका सभासद नव्हत्या. बोलायचं असेल तर पायरीवर उभं राहून बोलायचं. मी बारा वर्षं तशीच उभी होते. हिच्यासाठी मात्र मारुतीरायानं सवलत दिली होती.

अपमानानं मी पेटून उठले असं आज लिहिलं तर चारचौघांत बरं दिसेल. पण खोटं कशाला बोलू? मी जळाले. त्या खुर्चीवर जळाले. त्या पंख्याच्या वाऱ्यावर जळाले. तिच्या टाचांवर जळाले. एक भेग नव्हती हो. छत्तीस वर्षांची घोडी, दोन लेकरांची आई, आणि मनात काय? तर हिची खुर्ची मागून ओढावी.

मी तिथं गेले होते ते वेगळंच बोलायला. बिल्डरनं बाहेरगावचे खेळाडू आणले होते. आमच्या पेठेची पोरं बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळत होती. घरोघरची वर्गणीही बंद केली होती. त्याआधी बायका आपल्या भिशीतून पैसे काढून द्यायच्या. पावती फाडली जायची नवऱ्याच्या नावानं, पण संघ आपला वाटायचा. मी पायरीवरून मोठ्यानं विचारलं, "उद्या हा माणूस उठून गेला तर संघ कुणाचा?"

आप्पा हसले. "वैनी, टीका करणारी लई झाल्यात. भाकऱ्या करणारी कमी पडाय लागल्यात. तेवढं बघा की."

सगळी तालीम हसली. आमचे हे तिसऱ्या रांगेत सतरंजीचा दोरा उपसत होते. ऐन उमेदीत संघाचे गोलकीपर. त्या दिवशी त्यांनी काहीच अडवलं नाही.

मंडळाची टीकेवरची रीतच ती. पुरुष बोलला तर विचारायचे, "तू कुठल्या पेठेचा रं?" म्हणजे तो समोरच्या संघाला फितूर. बाई बोलली तर तेवढाही मान नाही. तिचं बोलणं वहीत उतरतच नसे.

मी सूड घेतला. कसला, तेही ऐका. संघाचे झेंडे मी शिवायची. नव्या झेंड्यावर मधोमध बिल्डरचं नाव हवं होतं. मी पिवळ्या पट्ट्यावर पिवळ्याच कापडाची अक्षरं शिवली. मैदानाच्या गॅलरीतून ब्रह्मदेवालाही वाचता आली नसती. रात्रभर एकटीच हसले. वाटलं, केवढी मोठी बंडखोर मी. पुढच्या मॅचला त्यांनी छापील फ्लेक्स आणला. तुझा झेंडा नको, असंही कुणी सांगितलं नाही. बारा वर्षांचं काम गेलं आणि मी हात चोळत बसले. शहाणी.

दोनेक महिन्यांनी ती बिल्डरची बायको माझ्याच दारात. ब्लाउज शिवायचा होता. मी टेप लावून दंडाचं माप घेत होते, तर हळूच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही बोललात ते बरोबर होतं."

"मग तुम्ही आतच होता की. बोलायचं."

"तोंड उघडणार होते. ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. दाबून. तुमचं निदान बोलून तरी झालं."

म्हणजे ती माझ्यावर जळत होती. पंख्याखाली बसून, पायरीवर उभ्या असलेल्या बाईवर.

मला तिची कीव यायला हवी होती. आधी आला तो आनंद. खोटं नाही सांगत. मग टेप हातातच राहिली. मी ज्या खुर्चीवर जळत होते, तिलाही तोंड नव्हतं. तोंड होतं सतरंजीवरच्या साठ-सत्तरांना, कारण त्यांची नावं सभासदांच्या वहीत होती. एवढं कळायला मला एका श्रीमंताच्या बायकोचा दंड मोजावा लागला.

मोबाइल घराघरांत आले तोवर बिल्डर निवडून आला होता. त्याला फुटबॉलची गरज उरली नाही. फ्लेक्स गेले, बाहेरचे खेळाडू गेले. एके दिवशी आप्पा पावतीपुस्तक घेऊन माझ्या उंबऱ्याशी आले.

"वैनी, पेठेच्या इज्जतीचा प्रश्न हाय."

"वहीत माझं नाव घाला. माझं, ह्यांचं न्हाय. आणि बैठक अशा जागी घ्या, जिथं मला बसून बोलता येईल."

"तालमीची परंपरा हाय ओ."

"परंपरा पंख्याखाली बसलेली बघितलीया मी."

आप्पांनी मान खाली घातली. "आत्ता टीकेची येळ न्हाय. संघ मोडंल."

"जिंकत हुता तवाबी येळ नव्हती."

आतून हे म्हणाले, "देऊन टाक की."

"तुमी द्या. पावती तुमच्याच नावची असती."

ते उठले नाहीत. आप्पा तसेच गेले. मी चपला घातल्या आणि भिशीतल्या अकरा घरी जाऊन तेच सांगितलं. सात जणी माझ्यासारख्याच अडून बसल्या. दोघींनी दार लावून घेतलं. दोघींनी नवऱ्याच्या धाकानं वर्गणी दिली आणि मला येऊन सांगितलं, हेही काही कमी नव्हतं.

त्या हंगामात संघ खालच्या गटात गेला. शेवटच्या मॅचला मी गॅलरीत तोंडात पदर कोंबून रडले. शेजारीण म्हणाली, "वर्गणी दिली असतीस तर बाहेरचा एखादा तरी पोरगा टिकला असता." असेलही. माझ्यामुळं संघ पडला असेल. तो बोजा माझाच, मी तो कुणाच्या गळ्यात घालणार नाही.

आता मी आजी झाले. वहीत अजून नाव नाही. दर हंगामाला नवी माणसं येतात, गोड बोलतात, "आजी, तुम्ही तर जुन्या समर्थक" म्हणतात. मी चहा देते. साखर हात राखून घालत नाही. वर्गणी देत नाही. संघ पुन्हा पडला तर मी पुन्हा रडीन. पण नाव लिहिल्याशिवाय या घरातून एक रुपया जाणार नाही, आणि झेंड्यावर माझा एक टाका पडणार नाही.