विलास पागनिसांची बैठक

उज्जैनच्या मराठी घरांत गेल्या वीसेक वर्षांत जी लग्नं जमली, त्यांतली निम्मी तरी विलास पागनिसांच्या जिभेने जमवली. दर हिवाळ्यात फ्रीगंजात मंडळाचा वधू-वर परिचय मेळावा भरतो आणि माईक विलासरावांच्या हातात असतो. मिक्सर दुरुस्त करणारा मुलगा त्यांच्या तोंडून ‘विद्युत उपकरणांच्या क्षेत्रात स्थिरावलेला’ होऊन बाहेर पडायचा. चार वर्षं घरात पलंग झिजवणारा ‘स्पर्धा परीक्षांच्या दीर्घ साधनेत’ असायचा. माधव नगरातली एक कन्या शेजारीण, दूधवाला आणि सख्खी आत्या अशा तिघांशी एकाच सकाळी भांडून मेळाव्याला आली, तर तिच्या अंगी नेतृत्वगुण निघाले. लग्न झालं तिचं. नवरा हल्ली फार कमी बोलतो म्हणे.

खरं काय ते सभागृहात सगळ्यांना ठाऊक असायचं. पण मेळाव्याचा एक कायदा होता, कुठे लिहिलेला नसला तरी कोणी न मोडलेला. ज्याने जो परिचय दिला तो खरा. समोरच्याने हसायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. कारण पुढचा नंबर आपल्याच घरचा.

पागनिसांचा स्वतःचा परिचयही असाच घासूनपुसून ठेवलेला. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या पागेत घोड्यांच्या हरभऱ्याची नोंद ठेवायचे. विलासराव सांगताना म्हणायचे, ‘आमचं घराणं घोडदळातलं.’ आणि स्वतःबद्दल? ‘मी विद्यापीठात असतो.’ संपलं. देवास रोडवरच्या त्या खासगी विद्यापीठात ते नेमके कुठे असतात, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. ते असायचे स्टोरमध्ये. खुर्च्या, माईक, प्रोजेक्टर, सतरंज्या, सभागृहाच्या चाव्या. कल्पनाबाईंना हे लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत कळलं. त्यांनी दोन दिवस तोंड फिरवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी माहेरी फोन करून सांगितलं, की ‘हे’ प्रशासनात आहेत, कामाचा फार ताण असतो. इंदूरला बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले त्यांचे भाऊ अनिकेत आजतागायत मेहुण्यांना ‘प्रशासनातले विलासराव’ म्हणूनच ओळखत होते.

अशा घरात मृण्मयी वाढली. हुशार पोरगी, बापाची जीभ आणि आईचा आब दोन्ही घेऊन आलेली. तिला त्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि वर ऑनर्स प्रोग्रॅमसाठी निवड झाली. नव्या मुलांमधून थोडी निवडायची, त्यांना वेगळं बसवायचं, पहिल्याच वर्षापासून एकेकाला एकेक प्राध्यापक मार्गदर्शक द्यायचा, असा तो प्रकार. बाप त्या दिवशी टावर चौकात भेटेल त्याला थांबवून सांगत होता, आणि भेटणारा प्रत्येक जण मनात म्हणत होता की बघा, प्रशासनात वशिला असला की कसं सगळं जमतं.

मग कुटुंबांना प्रोग्रॅमची ओळख करून देण्याचा दिवस ठरला. प्रोग्रॅमचे प्रमुख डॉ. शैलेंद्र, माणूस हौशी. त्यांना सुचलं, की प्रत्येक मुलाने माईकवर येऊन आपल्या परिवाराचा परिचय द्यावा. पागनिसांच्या मेळाव्याची कीर्ती त्यांच्याही कानावर होती. त्यांनी विलासरावांना बोलावून सांगितलं, की सूत्रसंचालन तूच कर. विलासरावांनी भीत भीत सांगितलं, की साहेब, त्या दिवशी सुटी मिळाली असती तर बरं होतं, माझी मुलगीही त्यात आहे.

‘‘अरे, फिर तो घर का ही काम हुआ,’’ शैलेंद्र सर म्हणाले आणि दुसऱ्या फाइलकडे वळले.

विलासरावांना वाईट वाटलं नाही. उलट त्यांनी मनातल्या मनात सगळं बसवून टाकलं. संचालन आपण करायचं, मुलीचा नंबर आला की माईक तिच्या हातात द्यायचा, कोट चढवायचा आणि कल्पनाशेजारच्या राखून ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसायचं. मग ती म्हणेल, हे माझे बाबा, आणि आपण जरासं उठून सभागृहाला नमस्कार करायचा. आजवर शेकडो बापांना त्यांनी असं उठवलं होतं. एकदा स्वतः उठायचं होतं. तेवढीच हौस.

आदल्या संध्याकाळी ओळखीची घरं तालमीला आली. विनायक आणि दुर्गा हे शेवेचं दुकान चालवणारं जोडपं, त्यांचा विहंगही निवडला गेला होता. विलासरावांनी त्याला पढवलं, की ‘वडील खाद्य-उद्योगात आहेत’ असं म्हण. मृण्मयीने लगेच सुधारून दिलं, ‘‘पारंपरिक खाद्य-उद्योगात म्हण रे. चांगलं वाटतं.’’ बापाची छाती फुगली. सगळे गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, आमच्याबद्दल काय सांगणार? ती हसून म्हणाली, उद्याच ऐका ना बाबा.

कल्पनाबाईंना मात्र झोप नव्हती. दादा-वहिनी इंदूरहून येणार होते. ‘‘अहो, तुम्ही तिथे तारा उचलताना दिसलात तर?’’

‘‘सूत्रसंचालकाच्या हातात माईकच असतो, कल्पना. तारा उचलणारे दुसरे असतात.’’

दुसरे नव्हते. सकाळी गेल्या गेल्या सुपरवायझरने सगळ्या स्टाफला निळी जाकिटं घालायला लावली, पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘सहायता’. विलासरावांनी आपला कोट तिसऱ्या रांगेत कल्पनाशेजारच्या खुर्चीला अडकवून ठेवला. पलीकडे अनिकेत आणि त्यांची बायको बसली होती. अनिकेतरावांनी जाकीट पाहिलं, भुवया उंचावल्या. विलासरावांनी जवळ जाऊन सांगितलं, की आज आम्हा सगळ्या अधिकाऱ्यांना हेच, समानतेची कल्पना आहे. अनिकेतराव म्हणाले, फार छान.

शैलेंद्र सरांनी प्रोग्रॅमची माहिती दिली ती बायाबापड्यांच्या डोक्यावरून गेली. मग विलासरावांनी माईक घेऊन ती माळव्याच्या मातीत आणली. म्हणाले, आठवड्यातून एकदा प्राध्यापक तुमच्या मुलाला समोर बसवून विचारणार, बेटा काय वाचलंस. म्हणजे घरी जे तुम्ही विचारता तेच, फक्त इथे पोरगं उत्तर देतं. हशा पिकला. अनिकेतरावही हसले. गाडी रुळावर होती.

विहंग आला आणि त्याने सगळी तालीम धुळीला मिळवली. म्हणाला, माझे आई-बाबा शेव तळतात, पहाटेपासून तळतात, आणि मी पास होईन की नाही यापेक्षा तेल तापलं की नाही याची त्यांना जास्त काळजी असते. सभागृह खदखदलं. विनायक लाजत उठला, त्याने हात जोडले, टाळ्या थांबेचनात. विलासरावांना मास्तरासारखा राग आला. पोराने चांगला परिचय वाया घालवला.

मग पडद्यावरचं चित्र गेलं.

‘‘ए विलास!’’ सुपरवायझर मागून ओरडला. ‘‘स्टोर से दूसरी तार ला, और टेबल के नीचे घुस के देख। कितनी बार बोला, सुबह चेक किया कर।’’

सभागृहाने ऐकलं. तिसऱ्या रांगेनेही ऐकलं. विलासराव धावत गेले, तार आणली, टेबलाखाली शिरले, गुडघ्यांवर धूळ घेऊन बाहेर आले. चित्र लागलं. हातातल्या यादीत पुढचं नाव मुलीचं होतं. त्यांनी ते पुकारलं, माईक तिच्याकडे दिला आणि तिसऱ्या रांगेकडे दोन पावलं टाकली.

मृण्मयीने त्यांच्याकडे पाहिलं. जाकीट पाहिलं, गुडघे पाहिले. मग समोर पाहिलं.

‘‘आमचं घराणं घोडदळातलं,’’ तिने सुरुवात केली. आवाज बापाचाच, थांबायच्या जागासुद्धा त्याच. आई गृहिणी, संगीताची जाणकार. मामा बँकेत उच्च पदावर, आज खास इंदूरहून आलेले. ‘‘आणि माझे बाबा प्रशासनात आहेत. एका महत्त्वाच्या बैठकीमुळे आज ते इथे येऊ शकले नाहीत.’’

विलासराव होते तिथेच थांबले. सभागृहात डझनभर मराठी घरं बसली होती. सगळ्यांनी त्यांच्या हातून आपापल्या घरची लग्नं जमवून घेतली होती. कोणी हसलं नाही. कोणी खोकलं नाही. अनिकेतराव उठले, हात जोडले आणि बसले. कल्पनाबाई पदराच्या काठाकडे बघत राहिल्या.

विलासरावांनी आपल्याला मुलीबद्दल काही सांगितलं होतं, हे शैलेंद्र सरांना आठवायचं कारण नव्हतं. ते प्रेमाने म्हणाले, ‘‘बेटा, पिताजी से कहना, अगली बार ज़रूर आएँ।’’

प्रत्येक परिचयानंतर सूत्रसंचालकाने एक वाक्य जोडायचं असतं. सगळे थांबले होते. विलासराव मागे फिरले, मुलीच्या हातून माईक घेतला.

‘‘वडिलांना कामामुळे येता आलं नाही,’’ ते म्हणाले, ‘‘तेव्हा त्यांच्या वतीने मी या कुटुंबाचं स्वागत करतो.’’ आणि पुढचं नाव पुकारलं.

संध्याकाळी कल्पनाबाई भावाच्या गाडीतून घरी गेल्या. खुर्च्या आवरून विलासराव बाहेर आले तेव्हा मृण्मयी स्कूटरपाशी उभी होती.

‘‘मामासमोर तुमची लाज राखली मी,’’ ती म्हणाली.

‘‘मामाने सगळं पाहिलं होतं.’’

‘‘म्हणूनच तर. तो सुपरवायझर तसं ओरडला नसता तर तुमचं नाव घेणार होते. खरंच घेणार होते, बाबा.’’ मग जरा थांबून, ‘‘विहंगसारखं सांगायला हवं होतं का मी? तुम्हाला चाललं असतं?’’

‘हो’ म्हणणं सोपं होतं. पण नाही चाललं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तिलाही. त्यांनी किक मारली. ती मागे बसली. पूर्वी बसायची तशीच, खांद्यावर हात ठेवून. फक्त विद्यापीठाच्या फाटकाशी तिच्या वर्गातल्या मुली उभ्या होत्या, तेव्हा तो हात क्षणभर उचलला गेला.

उज्जैनची माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, आणि विसरत तर मुळीच नाहीत. दुसऱ्या दिवशी विलासराव टावर चौकात पोह्यांच्या गाडीवर उभे होते. शेवेवाला विनायक आला. पहिल्यांदाच सभागृहात टाळ्या मिळवलेला माणूस, अंगात थोडी मस्ती होती.

‘‘काय विलासराव, झाली का बैठक?’’

आजूबाजूचे दोघे-तिघे आपापल्या पोह्यांत वाकले. विलासराव हसले. जन्मभर त्यांनी कोणाचा परिचय खोटा पाडला नव्हता. मुलीचा कसा पाडणार?

‘‘नाही ना भई,’’ ते म्हणाले. ‘‘लांबलीय.’’

आता ते चौकात दिसले की कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतंच. आणि बैठक अजून संपलेली नाही, असंच ते दर वेळी सांगतात.