बंद मीटरांचं वाचन

पद : पाणी मीटर वाचक. सेवा : एकतीस वर्षे. कार्यक्षेत्र : टेकडी, घरे चारशे बारा. उंची मध्यम, आवाज त्याहून मध्यम. नोंदींची विश्वासार्हता : उत्कृष्ट.

शेवटचा शेरा प्रत्येक नवा साहेब जुन्याचा बघून उतरवत आला होता, त्यामुळे तो खोटा ठरायचा प्रश्नच नव्हता.

शहराचा पुढच्या पंचवीस वर्षांचा पाणी आराखडा करायला आलेल्या अभियंता बाईंनी मात्र ती नोंदवही खरोखर वाचली. निवृत्तीला सात महिने उरलेल्या माणसावर अशी वेळ येऊ नये. बाईंनी त्याला बैठकीला बोलावलं, वर खुर्चीही दिली. त्याला बसवेना.

"काका, अशी वही दुसऱ्या कुठल्याच भागाची नाही. एक महिना रिकामा नाही! टेकडीची मागणी अगदीच थोडी दिसतेय. एवढ्याशा पाण्यात लहान मुलं तर तिथं जवळजवळ नसावीतच. म्हणून टेकडीला चार इंची पाइप, आणि वाचलेलं पाणी खालच्या नव्या वसाहतीला."

टेकडीवर त्याची थोरली बहीण राहायची. तीन नातवंडं, आणि नळाला सकाळी अर्धा तास करंगळीएवढी धार. कालच बादली सरकवता सरकवता तिनं ऐकवलं होतं, "नवा पाइप येतोय म्हणे. एवढी वर्षं खात्यात चपला झिजवल्यास, एकदा तरी भावासारखा वाग."

टेकडीवरचे बहुतेक मीटर गाळानं अडकलेले होते. कळवलं की वरून उत्तर यायचं, 'नवे येईपर्यंत अंदाजे भरा.' तो नेकीचा माणूस. अंदाजालाही त्यानं पद्धत लावली. दारातल्या दोरीवर वाळणारे कपडे मोजायचे, त्यावरून माणसं, माणसांवरून पाणी. लहानांचे कपडे सोडून द्यायचे. पोरांच्या पाण्याचं कसलं बिल? नऊ वर्षं ही माणुसकी चालली आणि टेकडीवरची झाडून सगळी पोरं कागदावरून नाहीशी झाली.

बैठकीत मोठ्या साहेबांनी आराखड्यावर सही करायला पेनाचं टोपण काढलं.

"साहेब, टेकडीवर मुलं आहेत."

"वहीत तर दिसत नाहीत," बाई म्हणाल्या.

"वहीत नाहीत. दोरीवर आहेत."

"कसली दोरी?"

त्यानं सांगितलं. गल्लीवार सांगितलं. बाई वहीची पानं उलटत राहिल्या, मग उलटायच्या थांबल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे पावसाळ्यात मागणी शून्य?"

"पावसाळ्यात घरात डोकावतो," तो गंभीरपणे म्हणाला. कुणी हसलं नाही.

मोठ्या साहेबांनी आवाज खाली आणला. "काका, सात महिने राहिलेत. गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"बहीण थोरली आहे, साहेब."

"हे लेखी द्यावं लागेल. पेन्शनला हात लागेल, कळतंय ना?"

त्यानं कोरा कागद मागितला. अक्षर वहीतल्यासारखंच सुबक आलं. लिहून होईपर्यंत साहेब टोपण हातात धरून बसले, मग ते पेनाला लावलं.

चौकशी रीतसर झाली आणि पेन्शन निम्मं. त्या उन्हाळ्यात बाईंनी स्वतः घरोघर फिरून माणसं मोजली, पोरांसकट. टेकडीला आठ इंची पाइप गेला. नव्या वाचकाच्या नोंदींना 'उत्कृष्ट' असा शेरा आहे.

टेकडीवरचे तीनशे सहा मीटर अजून बंद आहेत.