बाराबंदीचा बारावा बंद

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, लेकीला नाही, आईला तर नाहीच नाही. तुला सांगतेय, कारण— जाऊ दे, कारण-बिरण काही नाही. ऐक फक्त.

मुलुंडला आमच्या दोन खोल्या होत्या. बाबांची गिरणी बंद पडलेली, घर चालायचं शालनताईच्या मशीनवर. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी ती. दिवसभर शेजारणींचे ब्लाउज, साड्यांचे फॉल. पण जीव सगळा ऐतिहासिक नाटकांतल्या कपड्यांत. नाटक बघून आली की गोष्ट विचारू नकोस, नट विचारू नकोस. शेल्याचा काठ केवढा होता, ते विचार! मोठं कापड कुठून आणणार? मग उरलेल्या तुकड्यांतून बाहुल्यांना शिवायची.

माझं लग्न ठरलं, तसा तिनं रुखवतासाठी अख्खा दरबार शिवायला घेतला. नऊ बाहुल्या. एका सरदाराला वीतभरसुद्धा नाही अशी बाराबंदी, आणि तिला खरेच बारा बंद, आतले धरून. मी म्हटलं, आतले कोण बघतंय गं? तर म्हणाली, "मी बघतेय ना." चार महिने खपली. आणि मी? मी मशीनच्या आवाजानं डोकं दुखतं म्हणून कुरकुर करत होते.

लग्नात आई सगळ्यांना सांगत सुटली, हे सगळं आमच्या बेबीनं केलंय. बेबी म्हणजे मी. ते सगळ्याच आया सांगतात, कोणी खरं मानत नाही. तिथवर माझं काही चुकलं नव्हतं. पण—

सासरकडचे एक काका नाटकांना कपडे पुरवायचे. त्यांनी तो सरदार उचलला, बाराबंदी सोडली, आतले बंद मोजले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "रुखवताचं राहू दे, खरं सांग. कुणाचा हात आहे हा? मला कायमचं माणूस हवंय."

ताई हातभर अंतरावर होती, टाचण्यांची डबी धरून. तिनं ऐकलं. माझ्याकडे बघून हसली— अगं, पुढे यायला तिनं पाऊलही उचललं होतं. इतकी खात्री होती तिला माझी!

मी म्हटलं, "माझाच."

सासूबाई बघत होत्या म्हणून? घाबरले म्हणून? छे. इतकी वर्षं स्वतःला तेच सांगितलं, पण ते खोटंय. सकाळपासून सगळे त्या बाहुल्यांभोवती गोळा होत होते आणि नवरीकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. मी जळत होते तिच्यावर. स्वतःच्या लग्नात, स्वतःच्या बहिणीवर.

ताईचं पाऊल तिथंच थांबलं. संध्याकाळी तिनंच नऊच्या नऊ बाहुल्या मऊ कपड्यात गुंडाळून माझ्या ट्रंकेत भरल्या.

महिन्याभरात काका बोरिवलीला आमच्याकडे आले, कामाचं विचारायला. मी सांगितलं, घरचं सांभाळून जमायचं नाही. तेव्हा तरी ताईचं नाव घेता आलं असतं ना? जिभेवर आलं होतं. पण मग माझं पहिलं खोटं उघडं पडलं असतं. त्यांनी दुसरं कोणीतरी शोधलं. ताई ब्लाउजच शिवत राहिली. नाटकाला जायचंही तिनं सोडलं.

पुढे माझी लेक सहा-सात वर्षांची असताना तिनं खेळता खेळता त्या बाराबंदीचा एक बंद तोडला. मुलुंडला सुट्टीला जाताना मी ती तिच्याजवळ दिली. म्हटलं, मावशीला सांग लावून द्यायला.

आठ दिवसांनी लेक परत आली. बाराबंदी तशीच, वर सुईदोरा टोचलेला. म्हणाली, "मावशीनं सांगितलंय, आईलाच लावू दे. तिनंच तर शिवलीय."

मी लावायला बसले. कापड चुरगळलं, दोरा दोनदा तुटला, बंद तिरका बसला आणि हातात आला. लेक समोर बसून बघत होती.

"आई, तुला येत नाही?"

"यायचं गं," मी म्हटलं, "आता विसरले."

ती बाराबंदी अजून माझ्या कपाटात आहे. तिला अकराच बंद आहेत.