सेनगाव स्टँडवरची वेबसाइट

मार्च २००६, महिन्याचा पहिला सोमवार. हजर: मी, आमच्या नणंदेचे यजमान म्हणजे दाजी, आणि पुण्याच्या मुख्य ऑफिसातून न सांगता आलेले साहेब. गैरहजर: वीज.

इंटरनेट भिंतीला डकवणारा माणूस जगात एकच झाला असेल, आणि तो आमच्या नात्यात निघाला. बातम्यांच्या वेबसाइटचं हिंगोलीतलं ऑफिस म्हणजे एक खोली, दोन संगणक आणि आम्ही दोघं. दाजी बातम्या आणत, मी टाइप करून साइटवर चढवत असे. त्याआधी वीस वर्षं त्यांनी गावोगाव पेपर पोचवले होते, त्यामुळे ह्या नव्या नोकरीचे फायदे-तोटे ते रोज ऐकवत. हात शाईनं काळे होत नाहीत, पंख्याखाली बसायला मिळतं, दुबईतला भाचा आपली बातमी त्याच मिनिटाला वाचतो, हे फायदे. "पर वहिनी, पेपरात भाकर तरी बांधता येते. ह्याच्यात काय बांधावं?" हा तोटा. त्याहून मोठा तोटा म्हणजे जिथली बातमी, तिथल्याच माणसाला ती दिसत नाही. म्हणून ते रोज बातम्या छापून काढत, जीपनं सेनगावला नेत आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटवत. प्रत्येक बातमीखाली अर्धा कागद कोरा, शेजारी सुतळीला बांधलेला पेन. साइटवर प्रतिक्रिया देता येते, मग भिंतीवर का नको? चूक सापडली की मी ती साइटवर मिनिटात दुरुस्त करी. दाजी एक नाव खोडायला पुन्हा जीप धरत.

लोक मन लावून लिहीत. रस्त्याच्या फोटोखाली एकानं लिहिलं, "खड्डा खरा ह्याच्याहून मोठा आहे." एका आजोबांनी नुसतं "वाचलं" असं लिहून सही ठोकली. ज्यांना लिहिता येत नसे, त्यांचं दाजी लिहून घेत आणि खाली अंगठा उमटवून घेत. शनिवारी ते कागद माझ्याकडे येत आणि मी सगळ्या प्रतिक्रिया साइटवर टाइप करी. मला पसारा खपत नाही, म्हणून नावं अकारविल्हे लावून.

त्या सोमवारी साहेबांनी साइटवरच्या प्रतिक्रियांचा छापील तक्ता टेबलावर आपटला. "एकाच संगणकावरून, एकाच तासात एवढ्या लोकांची मतं? तीही अ पासून ज्ञ पर्यंत ओळीनं? हा बनाव कुणी केला?"

तो क्रम माझा होता.

दाजींनी कपाटातून कागदांचा गठ्ठा काढून पुढं ठेवला. "सायेब, लोकं लिहून राहिले, मी काहून बनवू? अंगठे बघा की!"

साहेबांनी एक अंगठा खिडकीच्या उजेडात धरला आणि बघतच राहिले. मग म्हणाले, "पण ही माणसं साइटवर आलेलीच नाहीत. जाहिरातवाल्यांना काय, अंगठे दाखवू? टाइप कुणी केलं?"

मी बोलायच्या आत दाजी म्हणाले, "मीच. दुसरं कोण?"

माउस हातात घेतला की ज्यांना घाम फुटे, ते हे म्हणत होते! आणि मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा धक्का मला अजून बसतो. पाच मिनिटांत दाजींची नोकरी गेली. जिन्यात मी काही म्हणणार, तर तेच म्हणाले, "दोघांनी घरी बसून काय फायदा? तुमी ऱ्हावा."

साइट दोन वर्षांनी बंद पडली. दाजी सेनगावजवळच्या पुसेगावला शेती बघतात. मी गेले की नणंदबाई हटकून सुनावतात, "कागदं चिटकवून चिटकवून नोकरी घालवली ह्यांनी, वहिनी. बराबर काम करणं जमलंच न्हाई." दाजी बाजेवर बसून तुरी निवडत असतात. माझ्याकडे बघून नुसतं हसतात.

घरी परतल्यावर मी आठवड्याच्या कामांची यादी करते. पहिलं काम तेच असतं: नणंदबाईंना खरं सांगणे. त्यापुढं बरोबरची खूण अजून पडलेली नाही.