खुर्चीतून पाच वेळा उठणं

हे लिहिणारच नव्हते यार. यात मी पण वाईटच दिसते. एकाच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहून मी तीन आठवडे वृंदाकाकूंकडे फिरकले नव्हते.

काकू अडुसष्टच्या, दिल्लीत मयूर विहारला एकट्या राहतात. नोकरीत असताना ऑफिसच्या व्हॉलीबॉल टीममध्ये होत्या. मे महिन्यात बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि दोन महिन्यांत मांडी एवढीशी झाली. फिजिओ म्हणाला, हात न टेकता खुर्चीतून सलग पाच वेळा उठता आलं तरच एकटं राहायचं. नाहीतर अंकुर, म्हणजे त्यांचा कॅनडातला मुलगा, त्यांना नोएडाच्या वृद्धाश्रमात ठेवणार.

"माझं घर आहे हे," काकू एवढंच म्हणाल्या.

शेवटी मी गेले तेव्हा फ्रिजमध्ये नुसत्या बाटल्या. कीटोन ड्रिंक. अंकुरने पाठवलेलं, स्नायू वाचतात म्हणे. आणि काकू रात्री जेवणाऐवजी तेच प्यायच्या!

"काकू, आणि जेवण?"

"एकटीसाठी काय कुकर लावायचा गं."

मी तिथेच बसून फोनवर वाचलं, काकूंनाही सांगितलं. यावर संशोधन झालंय, पण थोड्याच लोकांवर. कीटोनने स्नायूंची झीज थोडी कमी होत असेल, दुरुस्तीला मदतही होत असेल, पण काकूंच्या वयाला किती, ते कुणालाच नक्की माहीत नाही. स्नायू वाढायला मात्र प्रोटीन लागतं आणि पायांना व्यायाम.

"म्हणजे गळती थांबवतं, बांधकाम करत नाही?"

"गळतीचंही नक्की नाही, काकू."

"आणि इतकं कडू! अंकुरला सांग, तूच पी."

डॉक्टरांना फोन लावला तर ते ओरडलेच. जेवण सोडायचं नाही, तिन्ही वेळा डाळ, अंडी, पनीर. मी भुर्जी केली, जरा करपली. काकूंनी दोन पोळ्या खाल्ल्या, मग हळूच म्हणाल्या, "समोर कोणी असलं की जातं घशाखाली."

मला रडूच आलं. मग मी रोज संध्याकाळी तिथेच जेवले. दोन आठवडे.

काल फिजिओ आला. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला हात टेकलाच. काकू भिंतीकडे बघत बसल्या. फिजिओने अजून एक महिना दिला, अंकुरही फोनवर हो म्हणाला.

पण सोमवारपासून आठवडाभर माझी परीक्षा आहे, पेपर संध्याकाळचे, सेंटर पार गुडगावला, घरी यायला नऊ वाजणार. काकू साडेसातला जेवतात. मयूर विहारमध्ये कोणी मराठी असाल, मराठी नसलात तरी चालेल, प्लीज जा. डबा पाठवू नका. समोर बसून जेवा. सोमवारपासूनच जा.