दहा फूट मोकळं

मच्छे गावच्या भरमा गवंड्यानं आजवर चाळीस घरं उभी केली होती, आणि एकासाठीही त्याला कागद लागला नव्हता. पण प्लेग ओसरला, बेळगावाबाहेर नवी वसाहत पडायला लागली आणि बघावं तिकडं नकाशेच नकाशे! तिथं घर बांधायला काढलेल्या मार्तंडराव वकिलांनी त्याला नकाशा वाचून दाखवला, "भरमा, हवा-उजेड यायला रस्त्याकडं दहा फूट जागा मोकळी सोडायची." एवढं सांगून ते खटल्यासाठी धारवाडला गेले.

भरमाचं डोकंच चक्रावलं. मोकळी जागा, ती पण रस्त्याकडं? तिथं गावच्या शेळ्या येणार! बायकांनी पापड कुठं वाळत घालायचे? नकाशा काढणारा साहेब शिकलेला असंल, पण त्यानं घर बांधलंय का कधी? "चुकलाय गडी. आपुन सावरून घ्यावं," असं म्हणत त्यानं ते दहा फूट उचलून घराच्या पोटात ठेवले. रस्त्याला लागून बसाउठायचा सोपा, मग मोकळा चौक, चौकात तुळस आणि मागं खांबांच्या पडवीचं माजघर. कसं झ्याक!

बांधकामं तपासणारे ओव्हरसियर साहेब टेप घेऊन आले आणि लालबुंद झाले. "आठ दिवसांत हा सोपा पाड! नाहीतर या वसाहतीत पुन्हा थापी धरायची नाही."

नवी घरं आता इथंच उठत होती. थापी गेली म्हणजे पोटच गेलं. "साहेब, दहा फूट हायेत की आत! मोजा की!" साहेबांनी काही मोजलं नाही.

बिचाऱ्यानं आपल्याच हातानं सोपा उतरवला. रडू आवरत नव्हतं. वकिलांच्या जयाबाई तर कपाळाला हात लावून बसल्या. "माझी तुळस चव्हाट्यावर आली रं भरमा!"

नवव्या दिवशी साहेब परत आले. चौकाचंच आता रस्त्याकडं मोकळं अंगण झालेलं, अंगणात तुळस, मागं माजघराची खांबांची पडवी. "वा! नियमही पाळलास आणि जुनं वळणही राखलंस!" म्हणत त्यांनी पाठ थोपटली. हा माणूस शाबासकी देतोय का थट्टा करतोय, भरमाला काही उमगेना.

पंधरा दिवसांनी शेजारच्या जागेचे मालक मारुतीराव मास्तर आले. "भरमा, मला हुबेहूब असंच घर पायजे."

भरमा हात जोडून म्हणाला, "बांधतो की मास्तर. पर एक सांगा, पाडायचा सोपा केवढा बांधू?"