भोंग्याच्या गुळण्या

आमचे हे गेली तेवीस वर्षं मुलांना पोहायला शिकवतात. तलाव छताखाली आहे आणि भिंतींना गुळगुळीत फरशा, त्यामुळे तिथे कोणी नुसतं शिंकलं तरी ते चारदा ऐकू येतं. पन्नास मुलं पाण्यावर हातपाय आपटत असतात आणि ह्यांना सांगायचं असतं फक्त ‘पाय सरळ’. पण ते पलीकडच्या काठापर्यंत पोचावं म्हणून पोटातून ओरडावं लागतं. शिट्टी वापरा, असं मी लग्न झाल्यापासून सांगतेय. शिट्टीनं मुलं थांबतात, शिकत नाहीत, असं ह्यांचं ठरलेलं उत्तर. मुलांनी ह्यांचं नाव ‘भोंगा’ ठेवलंय आणि ह्यांना त्याचा केवढा अभिमान. घरीही तोच सूर. जेवताना मीठ मागितलं की शेजारच्या बाई बरणी घेऊन दारात उभ्या राहतील की काय, अशी मला धास्ती वाटते.

एका सोमवारी ह्यांचा घसा धरला आणि मंगळवारी आवाज बसला. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मला बरंच वाटलं. घरात घड्याळाची टिकटिक ऐकू आली, आणि ते घड्याळ आमच्याकडे बारा वर्षं आहे.

मग उपाय सुरू झाले. उठल्याबरोबर कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या; त्याही अशा की खालच्या मजल्यावरचे जागे व्हावेत. चहाआधी आल्याचा रस आणि मध. तलावावरच्या तिकीट खिडकीतल्या बाईंनी ज्येष्ठमध सांगितला, म्हणून गालात दिवसभर त्याचा तुकडा. पाण्यात औषध टाकणाऱ्या माणसानं वाफ सांगितली, म्हणून संध्याकाळी डोक्यावर टॉवेल घेऊन पातेल्यासमोर बैठक. झोपताना गरम दुधात हळद. मी आजारी पडले की हे ‘पडून राहा, बरं वाटेल’ एवढंच सांगतात. स्वतःच्या घशासाठी मात्र आमच्या स्वयंपाकघराचा दवाखाना झाला, आणि पातेली घासायला मी होतेच.

घसा दुखायचा थांबला, पण आवाज काही येईना. बोललं की खरखर, मधूनच नुसती हवा. तेव्हा ह्यांनी घशाला आराम म्हणून कुजबुजत बोलायचं ठरवलं. तलावावर नाइलाजानं शिट्टी आली आणि हे काठावर ओणवे होऊन एकेकाच्या कानात ‘पाय सरळ’ सांगू लागले. पण माणसाचं एक गमतीचं असतं. समोरचा कुजबुजला की आपणही कुजबुजतो. आमची लेक, जिला दार हळू लावायला शिकवून मी थकले, ती कुजबुजत भांडायला लागली. नळ दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा कुजबुजत म्हणाला की वायसर गेलाय.

चौथा आठवडा लागला तशी माझी गंमत संपली. ह्यांच्या थोरल्या भावाचा आवाज असाच बसला होता, सात वर्षांपूर्वी. त्यांनी सहा महिने घरीच औषधं केली, आणि डॉक्टरांना दाखवलं तेव्हा घशातलं दुखणं फार पुढे गेलेलं होतं. ते गेले. त्यानंतर आमच्या घरात त्या दुखण्याचं नाव कोणी काढलं नाही. मी दवाखाना म्हटलं की हे मिठाचा डबा उचलायचे. आणि मी भांडखोर बाई, चपलेच्या डागावरून दोन दिवस अबोला धरणारी, एकदा सांगून गप्प बसायची. कारण मलाही जाणून घ्यायचं नव्हतं. दाखवलं नाही तोवर काही नाही, असं मीही मनाला समजावत होते. त्या महिन्यात माझ्या हातून तीनदा भात करपला.

माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे त्या भावाच्या पत्नी, दर रविवारी सकाळी फोन करतात. एरवी आधी दिराशी बोलतात, मग माझ्याशी. तीन रविवार ह्यांनी हातानं खूण केली आणि मी सांगितलं की हे बाहेर गेलेत. चौथ्या रविवारी मी फोन उचलला आणि नेहमीसारखी खुशाली विचारली.

“तू कुजबुजत का बोलतेयस?” त्यांनी विचारलं.

माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ह्यांचा आवाज जरा बसलाय, गुळण्या चालू आहेत, अशी मी सारवासारव करायला गेले, पण त्या ऐकूनच घेत नव्हत्या.

“आमच्या घरातही सगळे असेच बोलायला लागले होते,” त्या म्हणाल्या. “गुळण्या ह्यांनीही केल्या. उद्या सकाळी भाऊजींना घेऊन जा. मी सांगितलंय म्हणून सांग.”

हे समोरच टॉवेल घेऊन वाफ घेत होते. मी फोन ठेवला आणि जाऊबाईंचा निरोप चांगला खणखणीत आवाजात सांगितला. महिन्याभरात मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होते. लेक आतून धावत आली. ह्यांनी टॉवेल काढला. चेहरा लाल, ओला, आणि घाबरलेला. ह्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. हे उठले आणि मिठाचा डबा फळीवर ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी नाकातून एक बारीक नळी घातली. नळीच्या टोकाला कॅमेरा होता आणि घसा समोर पडद्यावर दिसत होता. मी पडद्याकडे बघितलंच नाही, जमिनीवरच्या फरशीचा एक उडालेला कोपरा बघत बसले. ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठी रुतली.

“ओरडून ओरडून घट्टे पडलेत. हाताला पडतात तसे,” बाई म्हणाल्या. “वाईट काहीही नाही.”

मी तीनदा विचारलं. त्यांनी तीनदा, न कंटाळता, तेच सांगितलं. मग त्यांनी ह्यांना विचारलं की कुजबुजायला कधीपासून लागलात, आणि उत्तर ऐकून कपाळाला हात लावला. कुजबुजताना घशाला उलट जास्त ताण पडतो म्हणे. आणि गुळण्यांचं पाणी आवाजाच्या जागेपर्यंत पोचतच नाही. घसा दुखत असेल तर मीठपाणी चांगलं, मध घ्या, वाफ घ्या, पाणी भरपूर प्या. पण ह्यावर औषध एकच, दहा दिवस तोंड बंद. कुजबूजसुद्धा नाही. म्हणजे महिनाभर आम्ही सगळे मिळून जे पथ्य पाळलं होतं, तेच ह्यांना बरं होऊ देत नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसून मी आधी हसले आणि मग रडले, लोक बघत होते तरी. हे काहीतरी कुजबुजायला माझ्या कानाशी आले. मी ह्यांच्या तोंडावर हात ठेवला.

दहा दिवस हे पाटीवर लिहून बोलले. अक्षर असं की निम्मं मला लेकीकडून वाचून घ्यावं लागायचं. अकराव्या दिवशी डॉक्टरबाईंनी पाच मिनिटं बोलायची परवानगी दिली. मला वाटलं, ती पाच मिनिटं तलावावर जातील. ह्यांनी जाऊबाईंना फोन लावला.

“वहिनी, मी बोलतोय.” आवाज जरा जाड होता, खालच्या पट्टीतला, पण ह्यांचाच.

मग जाऊबाई म्हणाल्या, “परत बोला.”

“मी बोलतोय, वहिनी. दाखवलं. तसलं काही नाही.”

“अजून एकदा बोला, भाऊजी.”

हे पुन्हा बोलले, तेच, सावकाश. आणि मग आणखी एकदा. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. घड्याळाकडे मी लक्ष दिलं नाही. शेवटी ह्यांनी फोन माझ्या हातात दिला, आणि आम्ही दोघी जावा अर्धा तास अगदी मोठमोठ्यानं बोललो. हे समोर बसून चमच्यातला मध चाटत ऐकत होते, गप्प.